दोऱ्यांचा बोर्ड, अपडेट ४: जॉन्सनभोवतीचा गुंता

मागच्या वेळी म्हटलं होतं की या महिन्यात क्लबचा भाग संपवतो, तर तो संपला आणि संपल्या संपल्या उसवावा पण लागला. नवीन लोकांसाठी: अठराव्या शतकातल्या लंडनची लेखक-कलाकार मंडळी कोण कोणाला कुठे भेटायची हे मी तीन बाय चारच्या सनबोर्डवर टाचण्या आणि लोकरीने मांडतोय. लाल म्हणजे क्लब, निळा पत्रं, पिवळा घरी येणंजाणं, काळा भांडण.

लाल एका रविवारात झाला. १७६४ मध्ये चित्रकार रेनॉल्ड्सने क्लबची आयडिया काढली, लेखक आणि शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन तयार झाला आणि सोहोमधल्या जेरार्ड स्ट्रीटवर टर्क्स हेड टॅव्हर्नमध्ये आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातला नऊ जण बसायला लागले. या दोघांशिवाय राजकारणी बर्क, त्याचे सासरे डॉक्टर न्यूजंट, लेखक गोल्डस्मिथ, बोक्लर्क, लँग्टन, शॅमिये आणि माझा लाडका हॉकिन्स. लाडका अशासाठी की हा गडी म्हणाला मी घरी रात्रीचं जेवत नाही, मग इथल्या जेवणाची कॉन्ट्री कशाला देऊ! बाकीच्यांनी ते लगेच मान्य केलं, पण जॉन्सनने त्याच्यासाठी ‘अनक्लबेबल’ हा शब्द ठेवून दिला. प्रत्येक ग्रुपमध्ये एक हॉकिन्स असतोच, ट्रेकच्या ग्रुपमधला आमचा तर अजून गेल्या वर्षीचे टेम्पोचे पैसे देतोय.

नवीन मेंबर घ्यायचा तर मतदान, आणि एकाने जरी नकार दिला तरी संपलं. गॅरिकचंच बघा, १७३७ मध्ये तो आणि जॉन्सन लिचफिल्डहून एकत्रच लंडनला आलेले, पुढे हा देशातला सगळ्यात मोठा नट झाला, आणि क्लब आवडला, मी पण येईन म्हणतो असं सहज बोलून गेला तर जॉन्सन भडकला, आम्ही याला घेऊ हे याला कोणी सांगितलं! शेवटी १७७३ मध्ये घेतला. जुनी दोस्ती वेगळी आणि टेबलावरची खुर्ची वेगळी.

आता गुंता. लाल आणि निळा लावून झाल्यावर सगळे दोरे एकाच टाचणीवर, जॉन्सनच्या. इतके की तिथला सनबोर्ड फाटला, मागून पुठ्ठा चिकटवावा लागला. दोन दिवस मी खूश होतो की वा काय केंद्र सापडलं, मग लक्षात आलं की माझी निम्मी माहिती जॉन्सनचं चरित्र लिहिणाऱ्या बॉस्वेलकडून आलीय आणि बॉस्वेल लिहीतच होता जॉन्सनबद्दल, तर दुसरं कोण येणार मधे. त्यात तो स्वतः क्लबात आला १७७३ मध्ये, म्हणजे पहिल्या नऊ वर्षांच्या गप्पा त्याने नंतर कोणाकडून तरी ऐकलेल्या. म्हणून लाल सगळा काढला आणि आता माणसांऐवजी जागांच्या टाचण्या आधी ठोकल्यात, माणसं त्यांना जोडायची. कटकट आहे, पण चित्र एकदम बदललं.

खरी मजा पिवळ्यात निघाली. ॲना विल्यम्स ही दृष्टी गेलेली कवयित्री, जॉन्सन कितीही उशिरा येवो ती चहासाठी जागी असायची. १७६३ मध्ये गोल्डस्मिथ बॉस्वेलसमोर ऐटीत ‘मी मिस विल्यम्सकडे चाललो’ म्हणत जॉन्सनबरोबर निघून गेला आणि बॉस्वेल नुसता जळला. त्या चहाला बोलावणं म्हणजे आतल्या गोटात शिरणं. व्हेसीबाई आणि मोंटेग्यूबाई घरी लेखक-कलाकारांच्या बैठका भरवायच्या. व्हेसीबाईंकडे गोल बसायला बंदी, खुर्च्या मुद्दाम वाकड्यातिकड्या मांडलेल्या, म्हणजे लोक छोट्या छोट्या घोळक्यांत बोलतील, आणि मोंटेग्यूबाईंकडे बरोब्बर अर्धवर्तुळ. क्लबात बाया नव्हत्या, म्हणजे नुसता लाल बोर्ड ठेवला असता तर हे सगळं गायब. पिवळी लोकर संपली, दुकानात मिळाली ती जरा लिंबाच्या रंगाची आहे, चालवून घ्या.

काळा दोरा सध्या एकच जाड लावलाय. जॉन्सन वर्षानुवर्षं स्ट्रेथमला थ्रेल कुटुंबाकडे घरच्यासारखा राहिला, नवरा वारल्यावर हेस्टर थ्रेलने १७८४ मध्ये पियोत्सी या इटालियन गायकाशी लग्न केलं आणि जॉन्सनने तिला भयंकर पत्र लिहिलं. तिने उत्तर दिलं ते वाचा एकदा, आवाज न चढवता धुतलाय. त्याच डिसेंबरात जॉन्सन वारलाच.

एक दोरा बोर्डाबाहेर गेलाय. भाषापंडित विल्यम जोन्स, क्लबचा मेंबर, १७८३ मध्ये कलकत्त्याला आला आणि पुढच्या वर्षी एशियाटिक सोसायटी काढली, त्यामुळे कलकत्ता सध्या पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी आहे, घरच्यांची तक्रार चालू आहे.

आता अडलंय ते फ्रान्सिस बार्बरवर. जमैकात गुलामीत जन्मलेला, १७५२ मध्ये लहान असताना जॉन्सनकडे आला, नोकर होता, पण जॉन्सनने त्याला शाळेत घातला आणि मृत्युपत्रात मुख्य वारस केला. त्यावर जाहीर कुरकुर केली ती कोणी, तर कॉन्ट्रीवाल्या हॉकिन्सने. टाचणी ठोकलीय, हॉकिन्सकडून काळा दोरा पण आणलाय, पण बार्बर ते जॉन्सन कुठला रंग? पिवळा लावून बघितला, खोटा वाटला. नवीन रंग घ्यायचा असेल तर शनिवारच्या आत सांगा, तेव्हा दुकानात जाणारच आहे.