नंदी सरकला त्या गावापासून तिरुवैयारूपर्यंत

तमिळनाडूतल्या वैदीश्वरन कोविलच्या स्टेशनवर मराठी कानावर पडलं तर दचकू नका. नाडीपट्टीत आपलं भविष्य शोधायला आपली मंडळी थेट इथवर येतात. त्यामुळे मी "तिरुपुंकूर" म्हटल्यावर रिक्षावाल्याने "नाडी नको?" असं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मला नाडीपट्टीशी काही कर्तव्य नव्हतं. १९४२ सालचा जेमिनीचा 'नंदनार' हा तमिळ बोलपट यूट्यूबवर पाहिल्यापासून त्यातले नायक-गायक दंडपाणी देशिकर यांचा आवाज डोक्यातून जात नव्हता. ज्या देवळात ती कथा घडते, ते तिथून तीनेक किलोमीटरवर आहे.

शिवलोकनाथाचं देऊळ शांत, भाताच्या खाचरांच्या मधोमध. नंदी मोठा, देखणा आणि गाभाऱ्याच्या समोरच्या रेषेतून चक्क एका बाजूला सरकलेला. आदनूरचा शिवभक्त शेतमजूर नंदन, म्हणजे सिनेमातला नंदनार, अस्पृश्य होता, देवळात पाऊल टाकायची त्याला सोय नव्हती. बाहेरून पाहावं तर मध्ये नंदीची पाठ. तेव्हा शंकराने नंदीला जरा बाजूला हो म्हणून सांगितलं. देवळाजवळचं तळं खणायला नंदनला गणपतीने हात लावला, असंही इथे सांगतात.

मराठी माणसाला इथे चोखोबा आठवणारच. पंढरपूरला महाद्वारातल्या त्या समाधीपाशी वाटतं तेच इथे वाटलं. लोक ही गोष्ट फार कौतुकाने सांगतात. मला ती तेवढी गोड लागत नाही. नंदी हलला, पण नंदनला आत कोणी बोलावलं नाही.

पुढे नंदनच्याच क्रमाने मी चिदंबरमला, नटराजाच्या देवळात गेलो. तिथे तर त्याला आत जाण्यासाठी अग्नीतून जावं लागलं. बाराव्या शतकात सेक्किळारने 'पेरियपुराणम'मध्ये ही कथा लिहिली, त्यात नंदनला छळणारा ब्राह्मण जमीनदार नाहीच. तो आणला एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी, आपल्या 'नंदन चरित्तिरम'मध्ये. आधी सगळं शेत कापून दे, मग जा चिदंबरमला, अशी त्याची अट. आणि एका रात्रीत शिवाचे गण पीक कापून टाकतात. कथेत खलनायक आला आणि ती रंगली. पुढे नाटकवाल्यांनी आणि बोलपटवाल्यांनी हीच आवृत्ती उचलली. 'वरुगलामो अय्या' हे पद त्यातलंच. आत येऊ का, म्हणून बाहेर उभं राहून विचारणारं.

१९३५ च्या 'भक्त नंदनार'मध्ये नंदन झाली होती एक स्त्री! के. बी. सुंदरांबाळ. मानधन एक लाख रुपये. त्या काळात एवढ्या पैशात काय काय आलं असतं याचा हिशेब मी बसमध्ये करत बसलो होतो. समोर जमीनदाराच्या भूमिकेत महाराजपुरम विश्वनाथ अय्यर, म्हणजे कर्नाटक संगीतातलं बडं प्रस्थ. लेखक कल्कींना मात्र सिनेमा काही आवडला नाही. त्यातली झाडं आणि जनावरं बरं काम करतात अशा अर्थाचं परीक्षण त्यांनी लिहिलं. आपल्याकडे असं परीक्षण आचार्य अत्र्यांनी लिहिलं असतं.

चिदंबरमहून मायिलाडुदुरै, कुंभकोणम करत तंजावर. इथे मराठी राजे होते हे आपल्याला पाठ असतं. पण राजांबरोबर कीर्तनकारही आले, हे कमी जण सांगतात. त्या कीर्तनाच्या संस्कारातून इथलं कथाकालक्षेपम, म्हणजे गात गात गोष्ट सांगण्याचा प्रकार, घडलं, आणि त्यात साकी, दिंडी, ओवी अजून ऐकू येतात. सुरुवातीचे भक्तिपट मला या कालक्षेपमचेच भाऊबंद वाटतात: थोडी गोष्ट, मग पद, पुन्हा गोष्ट. चाळीस-पन्नास गाणी का असायची, हे तंजावरला आल्यावर पटतं. कथानकही प्रवास करतच होतं. गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर १९३८ मध्ये तमिळ पडद्यावर तुकाराम झाले. १९४४ च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरला लागलेला 'हरिदास' तीन दिवाळ्या चालला. त्याची गोष्ट म्हणजे आपला पुंडलिक.

तिथून बसने तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी. आजचं समाधिमंदिर गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःच्या पैशाने उभारलं. त्यागराजांच्या स्मरणार्थ होणाऱ्या आराधनेत, म्हणजे संगीतोत्सवात, बायकांना गाऊ देत नव्हते, तर त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. नंदी सरकला त्या गावाहून आलेल्या माणसाला ही हकीकत जास्त भिडते. 'नंदन चरित्तिरम'वाले गोपालकृष्ण भारती त्यागराजांना भेटायला इथेच आले होते आणि आभोगी रागातलं 'सभापतिक्कु' त्या भेटीतून जन्मलं, अशी आख्यायिका आहे.

त्यागराजांवरचा तेलुगू बोलपट 'त्यागय्या' १९४६ चा. चित्तूर व्ही. नागय्या त्याचे दिग्दर्शकही आणि नायकही. याच नागय्यांनी पोतना आणि वेमना हे तेलुगू संतकवी केले आणि १९४८ च्या तमिळ 'चक्रधारी'त आपला गोरा कुंभारही केला. देशिकरांचा नंदन गातो तेव्हा देवळाचे खांब थरथरतील असं वाटतं. नागय्या तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे गातात. मला नागय्या अधिक खरे वाटतात. समाधीपाशी एक आजोबा डोळे मिटून गात होते, सूर जेमतेमच. त्यांनाही कोणाला ऐकवायचं नव्हतं.

जाणार असाल तर तिरुपुंकूर सकाळीच उरका, दुपारी देवळं बंद होतात. आणि तिरुवैयारूला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा खाल्ल्याशिवाय परतीची बस धरू नका.