दिवे बंद केल्यावर

मिलानमध्ये मी कॅटलॉगसाठी कलावस्तूंचे फोटो काढते. शिल्प असलं की माझी रीत ठरलेली: मागे करडा कागद, दोन्ही बाजूंना एकेक एलईडी दिवा, शिल्प फिरत्या पाटावर. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून असे चार फोटो काढायचे. तासाभरात काम हातावेगळं होतं.

त्या दिवशी एका खासगी संग्रहात एकच वस्तू होती. इटालियन शिल्पकार मेदार्दो रोस्सोचं 'एच्चे पुएर', म्हणजे 'हा पाहा मुलगा'. दीड फुटाच्या आतबाहेरचं लहान मुलाचं डोकं, प्लास्टरवर मेणाचा थर दिलेलं. मेणाच्या जतनाचं काम करणाऱ्या एक वयस्क बाई सोबत होत्या. त्यांनीच ते पेटीतून काढून पाटावर ठेवलं. मला हात लावायची परवानगी नव्हती आणि ते योग्यच होतं.

दिवे लावले, फोटो घेतला, लॅपटॉपवर पाहिला. मुलगा नाहीच! मधाच्या रंगाचा एक गोळा, त्यावर वरून खाली उतरलेल्या वळ्या. दिवे मागे नेले, वर घेतले, पुढे छत्री लावली. दीड तास गेला. दिवे जितके वाढवावेत तितका चेहरा पुसला जात होता.

बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही त्याला सगळीकडून उजळताय. रोस्सोला तो सगळीकडून दिसलाच नव्हता."

ही हकिकत मी वाचलेली होती, पण हाताशी काम असताना आठवली नाही. १९०६ साली लंडनमध्ये मॉन्ड कुटुंबाने त्याला आपल्या पाच-सहा वर्षांच्या आल्फ्रेडचं शिल्प करायला सांगितलं. काही केल्या जमेना. मग एकदा ते पोर पडद्याच्या फटीतून डोकावलं आणि रोस्सोने रात्रभर बसून ते घडवलं, असं सांगतात. मी ज्यांना वळ्या म्हणत होते, त्या पडद्याच्या चुण्या होत्या.

दोन्ही दिवे बंद केले. खिडकीचा जाड पडदा ओढून वीतभर फट ठेवली. कॅमेरा तिपाईवर खाली आणला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आधी वरच्या ओठाखाली नखाएवढी सावली आली. मग डाव्या डोळ्याची खोबण. पापणी कोरलेली नाही, बुबुळ नाही, तरी तो बघत होता. लाजरा, आत यावं की पळावं अशा बेतात असलेला. मेणात उजेड थोडा आत शिरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. उन्हात लहान मुलाच्या कानाची पाळी दिसते ना, अगदी तसा गाल दिसत होता. माझ्या अंगावर काटा आला.

मेणाबद्दल एक सांगायलाच हवं. ओतीव मूर्तीच्या कामात मेण जायचंच असतं. आपल्याकडे त्या पद्धतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात: मेणाची मूर्ती करायची, भोवती मातीचा साचा, तो तापवला की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. रोस्सोने हे मधलं, वितळून जायचं मेणच अखेरचं म्हणून ठेवलं. क्षणभर दिसलेल्या चेहऱ्यासाठी दुसरं काही चाललंच नसतं, असं मला त्या खोलीत पटलं.

त्याच्या शिल्पांभोवती कोणी फिरावं हे त्याला मान्य नव्हतं. बघायची जागा एकच. म्हणून तो आपल्या शिल्पांचे फोटोही स्वतःच काढायचा, ते कापायचा, पुन्हा त्या फोटोंचे फोटो घ्यायचा. 'एच्चे पुएर'नंतर त्याने नवीन विषय घेतला नाही. १९२८ साली मिलानमध्येच तो गेला, तोवर जुनीच डोकी पुन्हा ओतत आणि त्यांचे फोटो काढत राहिला.

मी संग्राहकांना फोन करून विचारलं, कॅटलॉगमध्ये चारऐवजी एकच फोटो चालेल का? मागची बाजू नोंदीपुरती काढून देईन. त्यांनी थोडा विचार करून होकार दिला.

चारच्या सुमारास ढग आला आणि चेहरा गेला. पुन्हा नुसतं मेण. मी दिव्याकडे हात नेला नाही. बाईंनी खुर्ची कॅमेऱ्याजवळ ओढली आणि आम्ही दोघी थांबलो. पाचेक मिनिटांनी ओठाखालची सावली परत आली, तेव्हा मी बटण दाबलं.