रोज मनगटावर बांधायचे घड्याळ

वडिलांचे देवनागरी अंकांचे एचएमटी जनता हे चावीचे घड्याळ माझ्याकडे आहे आणि ते मला अतिशय प्रिय आहे. तरीही रोजच्या वापरासाठी मी ते घेत नाही. सकाळी उठून चावी देण्याचा मला मुळीच कंटाळा नाही, उलट चावी फिरवताना बोटांना जाणवणारी ती बारीक करकर मला हवीशी वाटते. अडचण आहे ती पाण्याची. एका जुलैमध्ये बसथांब्यावरून घरी येईपर्यंत मी चिंब भिजलो आणि रात्री पाहतो तो काचेच्या आतून वाफ धरलेली, ६ च्या अंकाशी एक थेंब साचलेला. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले आणि आणखी चार दिवस गेले असते तर मशीनला गंज चढला असता, असे सांगितले.

तेव्हापासून रोजच्या घड्याळाबाबत माझी पहिली अट पाण्याची आहे. झाकणावर ३० मीटर असे कोरलेले असले तरी ते घड्याळ घालून ३० मीटर खोल जाता येते असा त्याचा अर्थ नसतो. हात धुताना उडालेले शिंतोडे ते सोसते, एवढाच भरवसा धरावा. पावसाळ्यात दुचाकीवरून फिरणाऱ्याने १०० मीटरचे घ्यावे, आणि सेल बदलताना झाकणाखालची रबरी रिंगही तपासून घ्यावी, कारण ती कालांतराने कडक होते आणि पाणी नेमके तिथूनच शिरते.

काचेच्या बाबतीत मात्र मी जरा हट्टी आहे. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा १ ते १० च्या मोहस् मापावर ७ भरतो. साधी मिनरल काच त्याहून मऊ असल्यामुळे शर्टाच्या बाहीने नुसती पुसली तरी तिच्यावर ओरखडे उमटतात, तर ९ कठीणपणाच्या सफायर (कृत्रिम नीलमण्याच्या) काचेवर ही धूळ काहीच करू शकत नाही. एकदाच थोडे जास्त पैसे मोजायचे असतील तर ते इथे मोजावेत.

मशीन क्वार्ट्झचे, म्हणजे सेलवर चालणारे असावे, असे माझे मत आहे. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा त्यातला स्फटिक महिन्याभरात साधारण १५ सेकंदांपलीकडे चुकत नाही, आणि चार दिवस कपाटात पडून राहिलेले घड्याळ सोमवारी उचलले तरी वेळ लावत बसावे लागत नाही.

आकाराने ते ३८ मिलिमीटरच्या आसपास आणि बाहीखाली सहज सरकेल इतके पातळ असले की झाले. पट्ट्याची जागा १८ किंवा २० मिलिमीटरची असावी, म्हणजे कोणत्याही दुकानात पट्टा मिळतो. मी स्वतः मृग लागताच चामड्याचा पट्टा काढून नायलॉनचा चढवतो, आणि चामड्याचा पुन्हा बाहेर निघतो तो दसऱ्याला.