तांबड्या दिव्याखाली ऊसतोड्या आजोबा

ब्रिस्बेनला स्किन कॅन्सर क्लिनिकमध्ये नर्स आहे म्हटलं की मिरजेकडचे लोक हमखास विचारतात, "म्हणजे लेझरने जाळता का?" काही ठिकाणी लेझरही वापरतात. आमच्याकडे आहे तो प्रकाशोपचाराचा, तांबड्या एलईडींचा दिवा: आधी कातडीवर एक क्रीम लावायचं आणि मग त्यावर हा प्रकाश पाडायचा. दिवा नुसत्या हातावर धरला तर काही होत नाही, बसल्या जागी डुलकी लागावी इतका साधा. दुखतं ते आधी लावलेल्या क्रीममुळे, आणि किती दुखतं ते मला एका ऊसतोड्या आजोबांनी दाखवलं.

हो, ऊसतोड्याच. क्वीन्सलंडच्या उत्तरेला इनिस्फेलच्या बाजूला, मशीन यायच्या आधीच्या काळात, हे हाताने ऊस तोडायचे. आधी फड पेटवून पाचट जाळायचं आणि मग त्या राखेत उभं राहून तोड चालवायची. अंगात बंडी, खाली हाफ पँट, डोकं बोडकं. आमच्याकडे बीडहून येणारा तोडकरी डोक्याला काहीतरी गुंडाळल्याशिवाय फडात शिरत नाही, आणि त्याच्या सावळ्या कातडीतच थोडंफार संरक्षण असतं. यांची कातडी पार गोरी, चिमटा काढला तरी लाल होणारी. शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा असं सांगणारी 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' मोहीम ऑस्ट्रेलियात आली 1981 मध्ये. तोवर यांची चाळिशी आली होती.

मिरजेला होते तेव्हा कॅन्सर म्हटलं की तोंडाचा. तंबाखू, मावा, बंद झालेला जबडा. इथे सत्तरीच्या आत तिघांतल्या दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो. त्यात सगळ्यात जास्त बीसीसी, म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा. सावकाश वाढतो, शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केलं तर नाक, कान, पापणी पोखरत जातो.

आजोबांच्या टकलावर उन्हाने झालेले खरखरीत चट्टे होते. ते कॅन्सर नव्हेत, त्याच्या अलीकडचं पाऊल. उजव्या खांद्यामागे एक गुलाबी, सपाट डाग. बायोप्सीत वरवरचा बीसीसी निघालेला. आणि नाकपुडीच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी छोटी गाठ.

डॉक्टरांनी त्यांच्यापासून आकडे लपवले नव्हते. नेदरलँड्समध्ये वरवरच्या बीसीसीच्या 601 रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनी, प्रकाशोपचार घेतलेल्यांपैकी साधारण 63 टक्के बिनरोगी होते आणि इमिक्विमॉड हे दुसरंच, दिव्याविना वापरायचं क्रीम लावलेल्यांपैकी 80 टक्के. कापून काढणं तर याहून खात्रीचं. आजोबांना खांद्यावर टाके नको होते. मग इमिक्विमॉडच घ्या, डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, घरच्या घरी. आजोबा म्हणाले, "पाठीमागे लावणार कोण? बायको गेली माझी." डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत, दिव्याचा फॉर्म पुढे केला. रुग्ण उपचार कसा निवडतो हे मी तक्त्यांपेक्षा अशा वाक्यांतून शिकले.

"मग नाकाचंही त्याच दिव्याखाली उरकून टाका," हा त्यांचा पुढचा हट्ट. ते होत नाही. या उपचाराचा असर वरच्या दोनेक मिलिमीटरपर्यंतच धरायचा. गाठीचा कॅन्सर खाली मुळं धरून असतो, त्यात नाकाजवळचा म्हणजे परत उगवायला टपलेला. वरून तो साफ दिसेल आणि खाली वाढत राहील. तिथे सुरीच. आजोबा कुरकुरले, पण ऐकलं.

त्या दिवशी सकाळी मी टकलावरच्या आणि खांद्यावरच्या खपल्या हलक्या हाताने खरवडल्या. "शेंगदाण्याची ऍलर्जी आहे का?" दिव्याआधी लावायच्या क्रीममध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, म्हणून विचारावं लागतं, सांगलीत हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. मिलिमीटरभर जाड थर, वर ड्रेसिंग, उजेड लागू नये म्हणून झाकण, आणि तीन तास थांबायचं. तेवढ्या वेळात पेशी त्या क्रीमपासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं द्रव्य बनवतात. रक्तातलं हीम बनतानाच्या वाटेवरचंच हे द्रव्य. बिघडलेल्या पेशींत ते जास्त साठतं. त्यावर तांबडा प्रकाश पडला की पेशीतला ऑक्सिजनच विखारी होऊन तिला मारतो. याचं मूळ म्युनिकमधलं: 1900 च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ऍक्रिडीन रंगातले पॅरामेशियम, म्हणजे एकपेशी सूक्ष्मजीव, अंधारापेक्षा उजेडात लवकर मरतात. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माझ्या टकलावर किडे मारणार तू."

तीन तासांनी क्रीम पुसलं, खोली अंधारी केली आणि वूड्स लॅम्प धरला, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, त्याच्याखाली ते साठलेलं द्रव्य चमकतं. मला या कामातला सगळ्यात आवडता क्षण हाच. खांद्यावरचा डाग पोवळ्यासारखा तांबडा उजळला, डोळ्यांना दिसत होता त्यापेक्षा थोडा मोठाच. टकलावर तर ठिपक्यांचा नकाशा उमटला.

मग दोघांनाही गॉगल. टकलावर दिवा. आठेक मिनिटांचा कार्यक्रम. एका हातात गार पाण्याचा फवारा, बाजूला पंखा. पहिला मिनिटभर आजोबा विनोद करत होते. मग गप्प झाले. मग खुर्चीचे हात धरले, बोटांची पेरं पांढरी पडली. "टकलावर निखारे ठेवलेत," एवढंच म्हणाले. मी दिवा थांबवला.

"बंद करू नकोस. आज संपव."

हे असले रुग्ण अवघड. ओरडणारा परवडला, कारण कधी थांबायचं ते तो स्वतः सांगतो. मी दिवा तसाच थांबवून ठेवला आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दोन्ही भुवयांच्या वर नर्व्ह ब्लॉकची इंजेक्शनं दिली. कपाळ आणि टकलाचा पुढचा भाग बधिर झाला. सगळ्यांना हे आधीच द्यायला हवं असं माझं मत आहे, पण सुया म्हटल्या की बरेच जण नको म्हणतात, आजोबाही त्यातलेच. उरलेली मिनिटं ते जळत्या फडातून पळणाऱ्या सापांच्या गोष्टी सांगत बसले, मी फवारा मारत होते. खांद्याला काहीच वाटलं नाही त्यांना. तिथे क्वचितच एवढं दुखतं.

जाताना दोन दिवस उजेड टाळायचा, खिडकीतलासुद्धा, हे दोनदा बजावलं. आठवड्याने खांद्याची दुसरी पाळी झाली. टक्कल लाल होऊन सोलवटलं, खपल्या धरल्या, दोनेक आठवड्यांत निवलं.

नाकाची गाठ शहरातल्या मोह्ज सर्जनकडे गेली. ते थर थर कापून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पहिल्या थराच्या कडेला कॅन्सर सापडला, म्हणून दुसरा काढावा लागला. दिव्याखाली ती कधीच गेली नसती.

तीन महिन्यांनी आजोबा तपासणीला आले. खांदा साफ. टकलावर एकच चट्टा हट्टाने बसलेला, त्यावर द्रव नायट्रोजनचा फवारा मारला.

"हे बरं," आजोबा डोकं चोळत म्हणाले. "दहा सेकंद शिव्या दिल्या की संपलं."