छत्तीसचा टंच

मराठी चित्रपटांसाठी पैसे उभे करणं हे माझं काम. आधी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. आता निर्मात्यांची अंदाजपत्रकं बांधते, गुंतवणूकदार शोधते, करार करून घेते आणि आलेला पैसा कुठे जातोय यावर नजर ठेवते. ऐतिहासिक, विनोदी, रहस्यमय, सगळ्या प्रकारच्या सिनेमांसाठी मी लोकांसमोर बसले आहे. पण सोळा वर्षांच्या मुलामुलीच्या प्रेमासाठी पैसे मागणं सगळ्यात अवघड. समोरचा माणूस पन्नाशीचा असतो, त्याच्या घरात त्याच वयाची मुलगी किंवा नात असते. त्यात २०१६ साली ‘सैराट’ आला. तेव्हापासून अशा सिनेमाचं नाव काढलं की लोकांना एकतर शंभर कोटी आठवतात, नाहीतर शेवटची ती रक्ताळलेली पावलं.

आमच्या सिनेमात दोन्ही नव्हतं. दिग्दर्शक आटपाडीकडचा, सव्वीस वर्षांचा मुलगा. गोष्ट त्याच्या गावची. मुलीच्या वडिलांचं केरळात, त्रिशूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान आहे. ती तिथेच वाढलेली, आणि आजी एकटी पडली म्हणून दहावीसाठी गावी आलेली. मुलाच्या घरी मेंढरं. शाळेच्या मागच्या भिंतीवर बसून ती त्याला गंमत म्हणून मल्याळम अंक शिकवते. दहावीनंतर तोच गलाईच्या कामाला केरळात जातो आणि ती गावात राहते. मारामारी नाही, पळून जाणं नाही. मी पहिल्यांदा पटकथा वाचली तेव्हा ती खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले होते. हा सिनेमा झालाच पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं, आजही वाटतं.

खर्च १ कोटी ४० लाख. प्रसिद्धी आणि वितरणाचे ५० लाख वेगळे.

पुण्या-मुंबईत बैठका झाल्या, त्यातून फारसं काही निघालं नाही. मग दिग्दर्शकच म्हणाला, “ताई, ज्यांची गोष्ट आहे त्यांनाच विचारू या ना.” खानापूर, आटपाडी, तासगाव हा सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा. टेंभू सिंचन योजनेचं पाणी यायच्या कितीतरी आधी इथली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन देशभर पसरली. तामिळनाडू, केरळ, आंध्र, दिल्ली, पंजाब, कुठल्याही सराफकट्ट्यावर विट्याकडचा गलाईवाला भेटतोच. गावी मोठे बंगले बांधलेले असतात, वर्षभर कुलूपबंद. दिवाळीला आणि यात्रेला तेवढे उघडतात. म्हणून २०२३ च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही विट्याजवळच्या एका गावात पोहोचलो.

हॉलमध्ये आठ-दहा माणसं होती. कुणी कोईमतूरचा, कुणी कोळिकोडचा, एकाची उत्तरेत बरीच दुकानं. समोर चकल्या, करंज्या आणि खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. दाराशी घरातल्या दोन वहिनी उभ्या होत्या. त्यांनाही आत येऊन बसा म्हटलं, तर एकजण बसल्या, एक उभ्याच राहिल्या.

मी नेहमी आधी हिशेब मांडते, गोष्ट नंतर. गोष्टीने भारावलेल्या माणसाकडून पैसे घेऊ नयेत असं मला वाटतं. मी कागद पुढे केले तसा कोईमतूरचा माणूस म्हणाला, “मॅडम, लगड किती मोठी निघंल ते ऱ्हाऊ द्या. घट किती जाती ते सांगा.”

लगड म्हणजे गाळून निघालेली सोन्याची कांडी, घट म्हणजे गाळताना कमी होणारं वजन. इतका नेमका प्रश्न मला मोठमोठ्या कार्यालयांत कुणी विचारलेला नाही. मी सांगितलं. दीडशे रुपयांचं तिकीट धरा. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, तो गेला की उरले १२७. पहिल्या आठवड्यात त्यातले साधारण निम्मे थिएटरचे, पुढच्या आठवड्यांत आपला वाटा आणखी खाली येतो. उरलेल्यातून वितरकाचं कमिशन. आपल्या हातात ५५ च्या आसपास. खर्च आणि प्रसिद्धी मिळून १ कोटी ९० लाख नुसते वसूल व्हायचे तर साडेतीन लाखांच्या घरात माणसांनी तिकीट काढायला हवं.

“दीडशाला पंचावन्न,” तो म्हणाला. “म्हंजी छत्तीसचा टंच. असलं सोनं आमच्या दारात आलं तर आमी मूस बी तापवत न्हाय.”

टंच म्हणजे सोन्याचा कस, शंभरात शुद्ध सोनं किती ते. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. फक्त थिएटरवर हा पैसा सुटत नाही. म्हणून टीव्हीचे हक्क, ओटीटीचे, गाण्यांचे. पण त्यातलं आज काहीच हातात नाही. शासनाचं अनुदान आहे, ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ला ३० लाख. ते सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, प्रदर्शित झाल्यावर समिती बघणार, मग मिळणार. मी ते जमेत धरत नाही. तुमचे सगळे पैसे बुडू शकतात. जे बुडाले तरी घरातल्या कुणाचं शिक्षण, कुणाचं आजारपण अडणार नाही, तेवढेच द्या.”

बँकेत असताना मी लोकांना हे सांगू शकत नव्हते. इथे सांगते, प्रत्येक बैठकीत सांगते. ते ऐकून काहीजण उठून जातात, आणि ते बरंच असतं.

मग प्रश्न सुरू झाले. पैसे सुटले तर आधी कुणाचे? आधी प्रसिद्धीचा खर्च, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग दिग्दर्शकाचं आणि तंत्रज्ञांचं थांबवून ठेवलेलं मानधन, त्यावर उरेल तो नफा निम्मा-निम्मा. सेन्सॉरने ‘ए’ दिलं तर? तर टीव्हीवर दाखवताच येणार नाही, म्हणजे मोठा आधार गेला. पण या पटकथेत तसं काही नाही, आणि मुलीच्या भूमिकेसाठी अठरा पूर्ण झालेलीच अभिनेत्री घ्यायची हे आम्ही आधीच ठरवलं होतं. एकाने रोख देऊ का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका माणसाकडून रोखीत घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि सिनेमाचं स्वतंत्र बँक खातं असल्याशिवाय मी कामच हातात घेत नाही.

कोळिकोडच्या तरुणाची कल्पना मला आवडली. “गावात यात्रेची वर्गणी निघती तशी काढली तर? घरटी पाचशे?” तशी उदाहरणं आहेत. १९७६ साली गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले आणि ‘मंथन’ हा सिनेमा उभा राहिला. पण त्यामागे आख्खा सहकारी संघ होता. आज परतावा देतो म्हणून गावभर पैसे गोळा केले तर ती ठेव ठरते, आणि त्याला कायद्याची परवानगी लागते. खाजगी कंपनीलासुद्धा वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना भाग देऊ करता येत नाहीत. देणगी म्हणून घेता येतील, पण मग ते पैसे परत मिळणार नाहीत हे पावतीवर स्पष्ट लिहावं लागेल. तो मान हलवत ऐकत होता. पुढे त्याने स्वतःच्या मित्रांना हेच इतकं नीट समजावून सांगितलं की मला फोनवर फारसं बोलावंच लागलं नाही.

मग आम्ही छोटी फिल्म दाखवली, चार मिनिटांची. दादासाहेब फाळक्यांनीही १९१२ साली भांडवलदारांना पटवण्यासाठी कुंडीतला वाटाणा रोज थोडा थोडा चित्रित करून त्याचं रोप उगवताना दाखवलं होतं. शब्दांनी न पटणारं पडद्यावर पटतं, हे तेव्हापासून चालत आलेलं आहे.

भिंतीवरचा प्रसंग होता. मुलगी बोटांवर मोजत म्हणते, “ओन्नु, रण्डु, मून्नु.” मुलगा म्हणतो, आणि चुकतो. ती पुन्हा म्हणते. तो मून्नुवर अडखळतो. आणि हॉलमधून कोळिकोडचा तरुण मोठ्याने म्हणाला, “नालु!” मग दुसरा, “अंजु.” मग तिघे-चौघे मिळून, “आरु!” वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. उभ्या होत्या त्या केव्हा बसल्या ते कळलंच नाही. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी या सिनेमाला गोष्ट आणि आकडे म्हणून बघत होते. त्या क्षणी तो मला पहिल्यांदा लोकांमध्ये बसलेला दिसला.

उत्तरेतल्या दुकानांचे मालक मात्र गप्प होते. त्यांच्याकडून ५० लाखांची अपेक्षा होती, तसा निरोपही आधी आला होता. ते म्हणाले, “पोरगी आमच्यातली दाखवता, ते ठीक. पण मेंढरं कशाला? मेंढरं काढा सिनेमातनं. पन्नास लाख आत्ता देतो.”

पटकथेत कुठेही जातीचा शब्द नाही. त्यांना तो मेंढरांत बरोबर ऐकू आला होता. आणि हॉलमधल्या प्रत्येकाला त्यांचं बोलणं कळलं होतं.

अशा वेळी दिग्दर्शकाने बोलायचं नसतं असं माझं मत आहे. तो तरुण असतो, त्याला पैसा हवा असतो, आणि नाही म्हणण्याचं ओझं त्याच्यावर टाकणं अन्याय आहे. मी म्हणाले, “दादा, तुम्हाला नफ्यातला वाटा मोठा हवा असेल तर बोलू. श्रेयनामावलीत नाव कुठे, वसुली कुणाची आधी, त्यावरही बोलू. पण मेंढरं काढली तर तो मुलगा कोण राहतो? त्याचं घर विकायला आम्ही आलेलो नाही.” ते उठले, हात जोडले, “तुमचं तुमच्यापाशी” म्हणून निघून गेले. त्यांनी आवाज चढवला नाही, मीही नाही. पण सिनेमाच्या खर्चातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा दारातून बाहेर गेला होता, आणि त्यांच्यामागे आणखी दोघे गेले.

तेव्हा आप्पा बोलले. तोवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. ते दिग्दर्शकाला म्हणाले, “बाळा, त्यो पोरगा जाताना ती त्याला काय देती?”

“काहीच नाही, आप्पा. तिला माहीतच नसतं.”

“बराबर. म्हाईतच नसतं. सांगायला येळच न्हाय. दुकानातनं निरोप येतो, एक पोरगं कमी पडतंय. दुसऱ्या दिशी निघायचं. मी चौदा वर्साचा हुतो. मिरजंत मीटरगेजच्या गाडीत बसवलं मला. बेंगळूर यीस्तवर मी खिडकीतनं त्वांड आत घेतलं न्हाई.” मग ते दुकानातल्या पहिल्या वर्षाबद्दल बोलले. नायट्रिक ॲसिडमध्ये धातू टाकला की उठणारा तांबूस धूर, डोळ्यांची आग, रात्री त्याच भट्टीशेजारी अंथरूण. सराफांच्या दुकानातला केर धुऊन त्यातून सोन्याचे कण काढायचे. पहिली काही वर्षं गावी पत्रं नाहीत, कारण लिहायला बसलं की रडू यायचं आणि मालक बघायचा. सगळं एका सुरात, सावकाश. गावात मागे कोण राहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

दिग्दर्शक वही काढून लिहीत होता. त्याला थांबवून आप्पा म्हणाले, “पन तुझी रेल्वे खोटी. ती माझ्या येळची. आता पोरं विट्याच्या चौकातनं ट्रॅव्हल्सनं जात्यात. बेंगळूरपातूर ट्रॅव्हल्स, फुडं बदलायची. रातच्या नऊ-धाला, चौकात दिवाळी असल्यागत उजेड, आन् पोरगं पिशवी घिऊन हुबं.”

पटकथेचा शेवट मिरज जंक्शनवर होता. माझ्या अंदाजपत्रकात त्या एका रात्रीला ६ लाख ८० हजार धरले होते: रेल्वेची परवानगी, परवाना शुल्क, अनामत, विमा, फलाटावरची गर्दी, दिवे. चौकातली एक बस, रात्रभर भाड्याने, फार तर ६० हजार. दिग्दर्शकाला पैशांचं काही पडलं नव्हतं, तो नुसता त्या चौकाकडे बघत असावा तसा बसला होता. मी मात्र तिथेच कागदावर ओळ खोडली. आयुष्यभर घट मोजत आलेल्या माणसाने माझ्या बजेटमधली सगळ्यात मोठी घट शोधून दिली होती, तीही कुणाचं घर न काढता.

संध्याकाळपर्यंत चौघांनी मिळून ३८ लाख देण्याचं ठरवलं. आप्पांचे त्यात ८. मर्यादित दायित्व भागीदारी करायची, पैसे टप्प्याटप्प्याने: पूर्वतयारीला एक हप्ता, चित्रीकरणाच्या आधी दुसरा, संकलन दाखवल्यावर तिसरा. नाव पडद्यावर नको असं चौघांनीही सांगितलं. आप्पांची एकच अट होती: मुलाचं काम करणाऱ्या पोराने चित्रीकरणाआधी महिनाभर त्यांच्या त्रिशूरच्या दुकानात बसायचं, बघायचं, ॲसिडला हात लावायचा नाही. राहायची-जेवायची सोय त्यांची. आमच्या वकिलांनी ती परिशिष्टात घातली, अभिनेत्याच्या विम्यासकट.

अंदाजपत्रक आता १ कोटी ३३ लाख ८० हजारांवर आलं, म्हणजे अजून ९५ लाख ८० हजार हवे होते. चारच दिवसांनी, २० तारखेला, गोव्यात फिल्म बझार, म्हणजे निर्माते आणि गुंतवणूकदार जिथे भेटतात तो सिनेमाचा बाजार, सुरू होत होता. दिग्दर्शक गावीच थांबला, चौकातला प्रसंग नव्याने लिहायला. मी चार मिनिटांची फिल्म आणि दुरुस्त केलेले कागद घेऊन पणजीला गेले.