साडेअकरा मिलिमीटरचा घाट

आमच्या लेआउटवर, म्हणजे फळ्यांवर मांडलेल्या रेल्वेच्या छोट्या मॉडेलवर, दोन रुळांमधलं अंतर ११.५ मिलिमीटर आहे. बाजारात तयार मिळणारा, त्यातल्या त्यात जवळचा रूळ १२ मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरसाठी तयार रूळ बाजूला ठेवायचा आणि रुळाखालचा एकेक स्लीपर (आडवी पट्टी) हाताने कापत बसायचं, हे कशासाठी? घरच्यांनी विचारलं, फळ्या करून देणाऱ्या मेस्तने विचारलं, आणि मडगावच्या प्रदर्शनात शनिवार-रविवार दोन्ही दिवस लोक तेच विचारत राहिले. मला हा प्रश्न आवडतो. आमचं सगळं काम त्याच्या उत्तरातच आहे.

आम्हाला कुळे ते कॅसलरॉक हा ब्रॅगांझा घाट करायचा होता, आणि तोही मीटर गेजचा. मुरगाव बंदरातून निघून, घाट चढून ब्रिटिश हद्दीला मिळणारी ही लाइन १८८०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीत झाली. रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. शंभर वर्षं ते तसंच राहिलं आणि १९९०च्या दशकात तिथे १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉड गेज आला. आज दूधसागरपाशी लोक मोबाइलवर टिपतात ती गाडी नंतरची. पुण्या-मुंबईहून मिरजेपर्यंत मोठ्या गाडीने येऊन, सामान उचलून लहान गाडीत बसलेली माणसं आता पन्नाशी-साठीच्या पुढची आहेत. माझं माहेर कुडचड्याचं, त्यामुळे ती लहान गाडी माझ्या डोळ्यांत पक्की आहे. डबा पावणेतीन मीटर रुंद आणि खाली रूळ फक्त एक मीटरचे. तिचा सगळा डौल त्या अरुंद बुडात होता. आमचं मॉडेल १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं आहे. त्यात १२ मिलिमीटरचा रूळ घातला की खऱ्या मापात ४५ मिलिमीटर जास्त होतात आणि तो डौल निसटतो. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण गाडी ओळखीची वाटत नाही.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. ब्रिटनमधल्या लोकांनी याच गोष्टीवर वर्षानुवर्षं डोकं घातलं आहे. तिकडच्या लोकप्रिय डबल-ओ प्रकारात गाडी १:७६.२ प्रमाणात असते, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर. रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो मूळ १:८७ साठीचा. ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक, जुन्या काळच्या मोटरी त्यांत मावेनात, म्हणून इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ तसाच ठेवला. परिणाम असा की त्यांचा प्रमाण रूळ, म्हणजे १,४३५ मिलिमीटरचा, या मॉडेलमध्ये चार फूट दीड इंचाचा होऊन बसला. १९६०च्या दशकात काहींनी ठरवलं की हे पुरे झालं, आणि चाकांपासून सांध्यांपर्यंत (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळते त्या जागा) सगळी मापं खऱ्यावरून उतरवली. त्यातून १८.८३ मिलिमीटरचा पी-फोर हा प्रकार आला. फाइनस्केल म्हणतात ते हेच: फक्त रुळांमधलं अंतर नाही, चाकाची जाडी, कडेची उंची, सांध्यातली फट, सगळंच एका हिशेबात.

आमच्या प्रदर्शनात पुण्याहून आलेल्या एका मित्राने टेबलावर दोनच गोष्टी ठेवल्या होत्या: १६.५चा रूळ, शेजारी १८.८३चा, आणि दोन्हींवर एकाच जातीचा मालडबा. बाकी काही नाही. माझ्या मते सबंध हॉलमधली सर्वांत उपयोगी मांडणी तीच. लोक आधी नुसतं बघायचे, मग वाकायचे, मग रुळाच्या पातळीवर डोळा आणायचे. तिथून पुढे आम्हाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता आमच्या कामाबद्दल. रूळ सर्वांत आधी, कारण तो चुकला की वरचं सगळं वाया. जुना मीटर गेजचा ७५ पौंडी (एका यार्डाचं वजन ७५ पौंड) रूळ सुमारे १२९ मिलिमीटर उंच असायचा. त्याला ८७ने भागलं की दीड मिलिमीटर येतात. आम्ही १.४ मिलिमीटर उंचीचा रूळ घेतला. खेळण्यांतल्या गाड्यांचा रूळ अडीच मिलिमीटर उंच असतो, म्हणजे खऱ्यात २२० मिलिमीटर. आजच्या मुख्य मार्गांवरचा ६० किलोचा (एका मीटरचं वजन) रूळसुद्धा १७२ मिलिमीटरच आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे फरक कळतो. रूळ निकेल सिल्व्हरचा निवडला. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. पोलादी रूळ दिसायला जास्त खरा, पण आमच्या खाऱ्या हवेत त्याला आठवड्यात गंज धरतो.

स्लीपर तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डाचे, २१ मिलिमीटर लांब आणि सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्यावर रूळ सोल्डर करायचा, गेज लावून तपासायचा, आणि वरच्या तांब्यात बारीक खाच पाडायची, म्हणजे दोन रूळ विजेने एकमेकांना लागत नाहीत. सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला फ्लक्स धुऊन काढणं सर्वांत महत्त्वाचं. तो राहिला तर पावसाळ्यात हिरवा गंज फुलतो आणि सोल्डर सुटतं. सांधे करताना मात्र मी कुणालाच बोलू देत नसे. एका सांध्यात जिभांची (सरकणाऱ्या निमुळत्या रुळांची) घासणी, क्रॉसिंगचं (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथलं) टोक आणि बाजूचे रक्षक रूळ हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून असतात.

चाकं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरकडून करून घेतली. त्याने नकाशा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "बाई, ही चाकं आहेत की टिकल्या?" पण एकदा समजल्यावर त्याने ज्या निगुतीने ती उतरवली, त्याला तोड नाही. चाकाची आतली कड, जी गाडीला रुळावर धरून ठेवते, ती आमच्या मापात जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते. एवढ्या कडेला रुळातला जरासा उंचसखलपणाही चालत नाही. म्हणून चार चाकी मालडब्यांना आम्ही एक आस पक्का ठेवला आणि दुसरा मधोमध खिळीवर हलता ठेवला. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू डगमगत नाही, त्यामुळे चारही चाकं कायम रुळाला चिकटून राहतात. वायडीएम-४ या डिझेल इंजिनाच्या सहा-सहा चाकांच्या... खरं तर तीन आसांच्या दोन बोगी. तिथे बारीक पितळी स्प्रिंगा घातल्या. हे काम डोळे शिणवणारं आहे आणि घाईत होत नाही.

दूधसागर आम्ही केला नाही, हेही सांगून टाकते, कारण दर दुसरा माणूस "धबधबा कुठे?" असं विचारत होता. तो ३१० मीटरचा. १:८७ मध्ये साडेतीन मीटरच्या वर जातो. दोन फुटांचा धबधबा करून त्याला दूधसागर म्हणायचं आमच्या जिवावर आलं. त्याऐवजी घाटात कुठेही असू शकलं असतं असं एक छोटं क्रॉसिंग स्टेशन, समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात ते, घेतलं: दोन लाइनी, एक फलाट, आणि उतारावरून सुटलेली गाडी अडवणारी कॅच साइडिंग. स्टेशनाच्या पुढे चढ सुरू होतो, तो खऱ्या घाटाचाच, ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कागदावर हा आकडा लहान वाटतो. पण लेआउटवर सव्वा मीटरमध्ये रूळ जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर वर जातो आणि इंजिन एकटं डबे ओढू शकत नाही. खऱ्या घाटात करत तसंच आम्हीही मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लावला. दोन्ही इंजिनांचा वेग जुळवणं, मागच्याने ढकलायचं पण पुढच्या डब्याला उचलायचं नाही, हे हाताला यायला वेळ लागला.

खालच्या फळ्या नऊ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या. मेस्तने आधीच बजावलं होतं, "पावसात प्लाय पोट काढतो, दोन्ही बाजूंनी वार्निश मारा. एकाच बाजूला माराल तर तो दुसरीकडे वळेल." त्याचं ऐकलं म्हणून बरं झालं. फळ्या जिथे एकमेकींना जोडल्या जातात तिथे पितळी खुंट्या, आणि रुळाची टोकं पितळी स्क्रूंवर सोल्डर केलेली, म्हणजे नेताना-आणताना धक्का लागला तरी ती हलत नाहीत.

सजावटीत आमच्या भूमीने हात दिला. कापलेल्या डोंगराचा तांबडा रंग रंगाने येत नाही, म्हणून चिऱ्याचीच माती वस्त्रगाळ करून वापरली. मात्र आधी तिच्यातून चुंबक फिरवला. आमच्या मातीत लोहकण भरपूर. ते उडून मोटरच्या चुंबकाला चिकटले की इंजिन गेलं. खडी काळ्या दगडाची, चहाच्या गाळणीतून चाळलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की तो खडीत नीट मुरतो.

प्रदर्शनासाठी शुक्रवारीच सामान घेऊन मडगावला गेलो. फळ्यांना हॉलच्या हवेची सवय व्हावी म्हणून रात्रभर उघड्या ठेवल्या. शनिवारी सकाळी गाड्या छान चालल्या. दुपारी, गर्दी भरात असताना, मधल्या जोडावर डबे उतरायला लागले. नखाने चाचपून बघितलं तर रुळाच्या टोकांत केसभर पायरी लागत होती. सकाळी हॉल दमट होता, मग एसी लागला आणि हवा एकदम कोरडी झाली. लाकडाने आपली जागा बदलली होती. आम्ही दोरी लावून लोकांना सांगितलं की घाटात लाइन बंद आहे, बोल्ट सैल केले, फळ्या बसू दिल्या आणि गेज धरून पुन्हा आवळले. गंमत म्हणजे गाड्या धावत असताना जेवढे लोक थांबत होते, त्याहून जास्त ही दुरुस्ती बघायला थांबले. सभागृहाच्या रखवालदार काकांना अडचण सांगितली, तर त्यांनी रविवारी एसी सकाळी लवकर लावला आणि दिवसभर एकाच मापावर ठेवला. त्यानंतर जोडाने त्रास दिला नाही. रोज सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसणं हे काम मात्र चुकवता येत नाही; मडगावच्या हवेत एका रात्रीत रुळावर थर बसतो.

वेगाबद्दल आमचा आग्रह होता. ताशी ३० किलोमीटरने घाट चढणारी गाडी आमच्या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच जाते. लेआउटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला तिला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं. मुलं ओरडायची, "काकी, जोरात सोडा ना!" पुण्याच्या कोथरूडमधलं लघु रेल्वे संग्रहालय बघून आलेल्या एका मुलाला तर तिथल्यासारखं अख्खं शहर हवं होतं, ते त्याने स्पष्ट सांगितलं. मी त्याच्या हातात सिग्नलची कळ दिली. सिग्नलचा हात खाली आल्याशिवाय गाडी येणार नाही, असा नियम. मग तो तिथून हलेना. शेजारी वास्कोच्या मित्राचा ब्रॉड गेज होता, १:७६.२ मध्ये. साडेपाच फुटांचा गेज, फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २२. आपल्या गेजवर आलेलं एवढं सुटसुटीत माप मला दुसरं माहीत नाही. त्याने कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी केली होती, आणि वेर्ण्याला ट्रक चढवलेले दोन ड्रायव्हर तिथे बराच वेळ ताडपत्रीच्या दोऱ्यांच्या गाठी तपासत उभे होते.

रविवारी दुपारी कुळ्याला नोकरी केलेले एक निवृत्त काका नातवाला घेऊन आले. आधी काही बोलले नाहीत. मिरजेची गाडी चढावर गेली, बँकर मागे लागला, तेव्हा नातवाला म्हणाले, "बघ, ही आमची गाडी. आताची नव्हे." मी त्यांना रूळ साडेअकराचा आहे वगैरे काहीही सांगितलं नव्हतं. कशावरून ओळखलं, म्हणून विचारलं तर त्यांनी हाताने डब्याखाली बोट दाखवलं आणि बोटांत थोडं अंतर धरून म्हणाले, "हे बरोबर आहे म्हणून."

मग त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पावसात घाटात गस्तवाले कसे रात्रभर कंदील घेऊन लाइन चालायचे, दरड दिसली की गाडी थांबवायला रुळावर फटाके कसे ठेवायचे, भिजू नयेत म्हणून ते कुठे बांधायचे, हे सगळं त्यांनी सांगितलं. आमच्या एका सहकाऱ्याने ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. स्टेशन, सिग्नल, सांधे यांची माहिती पुस्तकांत आणि जुन्या नकाशांत सापडते. गस्तवाला कुठल्या कुशीने चालायचा, ही माहिती अशाच माणसांकडे असते.

रात्री हॉल रिकामा करताना आम्ही फळ्या गाडीत चढवायच्या आधीच पुढचं ठरवून टाकलं. कॅच साइडिंगच्या वरच्या अंगाला गस्तवाल्याची झोपडी येणार. माणूस १९ मिलिमीटरचा, हातात तीन मिलिमीटरचा कंदील, आणि त्यात बसेल असा एक मिलिमीटर लांबीचा एलईडी वास्कोच्या मित्राकडे आहे. झोपडीचं छप्पर कसलं होतं, पत्र्याचं की गवताचं, हे विचारायचं राहिलं होतं, म्हणून मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्या वेळी पत्रा होता, पण पावसात वर झावळ्या टाकायचो, आवाज होतो म्हणून." झावळ्या कागदाच्या कापायला घेतल्या आहेत.