मेरोपेनेमचा पहिला डोस देण्याआधी

बाबांच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट आला तेव्हा ताप उतरायचं नाव घेत नव्हता. ठाण्यातल्या हॉस्पिटलमधले ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "नेहमीच्या अँटिबायोटिक्सना हा जंतू दाद देणार नाही. आज रात्रीपासून मेरोपेनेम सुरू करू."

केसपेपरवर नुसतं 'फिट्सची औषधं चालू' लिहिलेलं. मी पिशवीतून सोडियम व्हॅल्प्रोएटची स्ट्रिप काढून त्यांच्यासमोर धरली. नाव वाचून ते म्हणाले, "थांबा, आधी तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलायला हवं." मी तिथल्या तिथे फोन लावून दिला. डॉक्टरांचं बोलणं डॉक्टरांशीच व्हायला हवं होतं, माझ्यामार्फत निरोप नको.

न्यूरोलॉजिस्टांनी नंतर मला नीट समजावलं. शरीर व्हॅल्प्रोएटचं रूप बदलून ते बाहेर टाकायला काढतं, पण त्यातला काही भाग एक एन्झाइम पुन्हा मूळ औषधात बदलून रक्तात आणतं. मेरोपेनेम, इमिपेनेम, एर्टापेनेम ही एकाच गटातली अँटिबायोटिक्स ते एन्झाइमच अडवतात. मग एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची रक्तातली लेव्हल निम्म्याहूनही खाली येते. मी विचारलं, "मग गोळी वाढवायची का?" तर नाही. डोस वाढवूनही लेव्हल सहसा वर येत नाही. म्हणजे गोळी वेळेवर पोटात जातेय आणि तरीही फिट येऊ शकते! मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली.

कार्बामाझेपिन या फिट्सच्या दुसऱ्या औषधाचं उलटं असतं, हेही त्यांनी सांगितलं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर त्याची लेव्हल चढते. चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो.

मेरोपेनेमऐवजी अमिकासिन हे अँटिबायोटिक चालण्यासारखं होतं, पण बाबांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती, म्हणून ते बाद झालं. मेरोपेनेमच द्यायचं, पण त्याआधी लेव्हिटिरासिटाम हे फिट्सचं आणखी एक औषध सुरू करायचं, असं ठरलं. त्याचाही डोस किडनीकडे बघून. व्हॅल्प्रोएटची लेव्हल आधी तपासली तेव्हा ७१ होती. सहसा ५० ते १०० हवी असते. मेरोपेनेम सुरू झाल्यावर ती १४ वर आली. आकडा बघून माझे हातपाय गळाले. रात्रपाळीच्या सिस्टर मात्र दर फेरीला बाबांशी दोन शब्द बोलून ते शुद्धीवर आहेत ना ते बघत होत्या, त्यांचे उपकार विसरणार नाही. फिट आली नाही.

मेरोपेनेम थांबल्यावरही लेव्हल लगेच सावरत नाही, आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून डिस्चार्जनंतरही लेव्हिटिरासिटाम चालूच ठेवलं आहे. पुढचा रिपोर्ट बघून ते कमी करायचं का, हे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील.